रूआंमधले दुपारचे जेवण

ज्युलिया चाइल्ड यांनी ३ नोव्हेंबर १९४८ रोजी फ्रान्समधल्या रूआं शहरात, ‘ला कुरॉन’ नावाच्या उपाहारगृहात घेतलेले दुपारचे जेवण हे विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या जेवणांपैकी एक आहे. पदार्थ मोजकेच होते: कालवे, राय धान्याचा पाव आणि लोणी, लोण्यात परतलेला एक अख्खा मासा, हिरव्या पानांचे सॅलड, ताजे चीज, कॉफी आणि सोबतीला पांढरी वाइन. जेवणाऱ्या बाई छत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांना फ्रेंच येत नव्हते, स्वयंपाक जेमतेम येत होता आणि फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवून त्यांना काही तासच झाले होते. पुढे तेरा वर्षांनी त्यांच्या नावाने निघालेल्या ग्रंथाने अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघराला नवे वळण लावले. एखाद्या जेवणाने आपले आयुष्य पालटले असे पुष्कळ जण सांगतात. इथे ते कसकसे पालटत गेले याचा माग पत्रांतून, शाळेतल्या धड्यांतून आणि छापील पानांतून काढता येतो. म्हणून हे जेवण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

ज्युलिया मॅकविल्यम्स यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथे एका सुखवस्तू घरात झाला. घरात स्वयंपाकाला बाई होती, त्यामुळे मुलींनी चुलीपाशी जाण्याचे कारणच नव्हते. जेवण सकस आणि भरपूर असे. मांस भाजायचे, बटाटे उकडायचे, भाजी शिजवायची, एवढाच त्याचा विस्तार. १९३४ साली स्मिथ कॉलेजातून पदवी घेतल्यावर काही वर्षे किरकोळ नोकऱ्यांत गेली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी सैन्याच्या महिला दलांत जाण्याचा प्रयत्न केला, पण सहा फूट दोन इंच उंची आडवी आली. अखेर ओएसएस या गुप्तवार्ता संघटनेत त्यांना काम मिळाले.

या नोकरीनेच त्यांना पूर्वेकडे आणले. १९४४ च्या वसंतात कॅलिफोर्नियाहून निघालेले त्यांचे सैन्यवाहू जहाज मुंबई बंदरात लागले. तिथून आगगाडीने दक्षिणेकडे जाऊन त्या सिलोनला पोहोचल्या. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचे मुख्यालय तेव्हा कँडीला होते. तिथल्या ओएसएसच्या दप्तरात गुप्त कागदपत्रांची नोंद ठेवण्याचे काम ज्युलियांकडे आले. याच ठिकाणी पॉल चाइल्ड भेटले. ते वयाने दहा वर्षांनी मोठे, चित्रकार, छायाचित्रकार आणि नकाशे-तक्ते आखण्यात तरबेज होते. तरुणपणी पॅरिसमध्ये राहिल्यामुळे त्यांचे फ्रेंच अस्खलित होते आणि खाण्यापिण्याचे डोळस वेडही तिथूनच आले होते. पुढे दोघांची बदली चीनमध्ये झाली. कुनमिंगमध्ये छावणीतल्या रटाळ जेवणाला कंटाळून ही मंडळी गावातल्या खाणावळी धुंडाळू लागली. जेवणावर तासन्‌तास बोलता येते, ही गोष्ट ज्युलियांना पहिल्यांदा तिथे कळली. रूआंचे जेवण कोऱ्या पाटीवर उमटले असे जे सांगितले जाते, ते त्यामुळे अर्धेच खरे आहे. जिभेची मशागत कुनमिंगमध्ये सुरू झाली होती. जे काही जिभेला कळते आहे ते आपल्या हातालाही जमू शकेल, हा विचार मात्र अजून शिवलेला नव्हता.

१ सप्टेंबर १९४६ रोजी दोघांचे लग्न झाले. लग्नाआधी ज्युलियांनी बेव्हर्ली हिल्समधल्या एका पाकशाळेत नव्या नवऱ्यामुलींसाठी असलेला वर्ग केला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पॉलवर छाप पाडण्यासाठी केलेले, लाल वाइनमध्ये शिजवलेले वासराचे भेजे पार फिसकटले. वॉशिंग्टनमधल्या संसारात पुस्तक उघडून एखादा पदार्थ करायचा, त्याला तीन-तीन तास लागायचे आणि रात्री उशिरा पानावर बसायचे, असे चालले होते. १९४८ मध्ये पॉलची नेमणूक पॅरिसमधल्या अमेरिकी माहिती सेवेत, प्रदर्शन विभागाचे प्रमुख म्हणून झाली.

न्यूयॉर्कहून निघालेले ‘अमेरिका’ हे जहाज ३ नोव्हेंबरला ल आव्र बंदरात पोहोचले. बंदर काय, शहरच जागेवर राहिलेले नव्हते. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी शहराचा मध्यभाग जमीनदोस्त केला होता आणि चार वर्षांनंतरही क्रेन, विटांचे ढीग आणि अर्धवट भिंती हेच दृश्य होते. जहाजाच्या पोटातून चाइल्ड दांपत्याची निळी ब्यूक गाडी उतरवण्यात आली. एवढी लांबरुंद अमेरिकी मोटार त्या काळच्या फ्रान्समध्ये नजर वेधून घेई. दोघे पॅरिसच्या दिशेने निघाले. वाटेत सुमारे नव्वद किलोमीटरवर रूआं लागते. दुपारच्या जेवणासाठी तिथे थांबायचे, हे पॉलने मिशलँ मार्गदर्शिका पाहून ठरवले होते. टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी सुरू केलेली ही पुस्तिका एव्हाना फ्रान्समध्ये भोजनाच्या बाबतीत प्रमाण मानली जात होती.

रूआंही युद्धात होरपळले होते. १९४० साली आणि पुन्हा १९४४ च्या बाँबहल्ल्यांत कॅथीड्रल आणि सेन नदी यांच्यामधली जुनी वस्ती जळून गेली होती, नदीवरचे पूल तुटले होते. ला कुरॉन मात्र वाचले. ‘प्लास द्यु व्ह्यू-मार्शे’ म्हणजे जुन्या बाजाराच्या चौकात, लाकडी तुळयांच्या चौकटीत भिंती भरलेल्या एका मध्ययुगीन घरात ते आहे. त्याची स्थापना १३४५ सालची सांगितली जाते आणि फ्रान्समधली सर्वांत जुनी खाणावळ असा त्याचा लौकिक आहे. याच चौकात ३० मे १४३१ रोजी जोन ऑफ आर्कला जिवंत जाळण्यात आले.

आत शिरताना ज्युलियांच्या मनात धाकधूक होती. फ्रेंच वाढपी परक्यांना तुच्छतेने वागवतात, असे त्यांनी ऐकले होते, आणि आपण पुरेशा नीटनेटक्या नाही असेही त्यांना वाटत होते. पण पॉलचा फ्रेंचमधला सहज वावर आणि तिथल्या माणसांची शांत, अदबशीर वागणूक यांमुळे ती भीती गेली. शेजारच्या मेजावर एक वाढपी गिऱ्हाइकांशी पदार्थाची चर्चा गंभीरपणे करत होता. फ्रान्समध्ये कोंबडी कुठल्या भागातली, ती कशी शिजवली जाईल, तिच्याबरोबर कोणती वाइन जाईल, हे दुपारच्या वेळी धंद्यातल्या माणसांनी विचारणे आणि वाढप्याने सविस्तर सांगणे यात कोणालाच वावगे वाटत नसे. स्वयंपाकघरातून ऊबदार वास येत होता. तो कसला, हे ज्युलियांना ओळखता आले नाही. लोण्यात मंद परतलेल्या शॅलटचा, म्हणजे छोट्या लांबट कांद्यांचा तो वास असल्याचे पॉलने सांगितले. शॅलट म्हणजे काय, हेही त्यांना विचारावे लागले. पुढे ज्यांच्या पुस्तकाने अमेरिकी बायकांना शॅलट चिरायला शिकवले, त्यांचे शिक्षण या प्रश्नापासून सुरू झाले.

पहिल्यांदा कालवे आले, शिंपल्याच्या एका झाकणात ठेवलेले, ‘पोर्तुगेझ’ जातीचे. अमेरिकेतले कालवे ज्युलियांनी खाल्लेले होते, पण ते त्यांना बेचव वाटले होते. इथे समुद्राची खारी चव थेट जिभेवर आली. सोबत फिकट रंगाचा राय धान्याचा पाव आणि बिनमिठाचे नॉर्मंडीचे लोणी होते. नॉर्मंडी हा फ्रान्सचा दुधादह्याचा मुलूख. पावसाळी हवा, बारमाही हिरवे कुरण आणि सफरचंदांच्या बागा यांमुळे तिथल्या लोण्याला आणि सायीला देशभर मान आहे. युद्धानंतर लोण्याची चणचण होती आणि पावाचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालले. अशा वेळी चांगले लोणी पानावर येणे हीच त्या गावच्या लोकांच्या दृष्टीने सुबत्ता परतल्याची खूण होती.

वाइन लवार नदीच्या खोऱ्यातली, पुयी-फ्युमे. दुपारी, जेवताना, तीही वाढदिवस किंवा सण नसताना वाइन पिणे हे ज्युलियांना नवे होते. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती आणि त्यानंतरही मध्यमवर्गीय घरांत जेवणाआधी कडक मिश्रपेये पिण्याची पद्धत राहिली. जेवणाचाच भाग म्हणून मद्य घेणे तिथे रुळलेले नव्हते.

मग सोल म्यूनिएर आला. मोठ्या लंबगोल ताटात अख्खा चपटा मासा, पृष्ठभाग एकसारखा तांबूस, भोवती लोणी अजून तडतडते आहे, वर बारीक चिरलेली पार्सली. वाढप्याने ताट समोर ठेवून ‘बॉन ॲपेती’ म्हटले. चित्रवाणीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाचा निरोप ज्युलियांनी पुढे ज्या दोन शब्दांनी घेतला, ते हेच.

हा पदार्थ इतका साधा आहे की त्याची कृती चार ओळींत मावते, आणि इतका अवघड आहे की ती चार ओळींत शिकता येत नाही. सोल हा समुद्राच्या तळाशी वाळूत पडून राहणारा चपटा मासा. गोव्यात ज्याला लेपो म्हणतात त्याच जातकुळीतला, पण इंग्लिश खाडीतल्या सोलचे मांस अधिक घट्ट आणि जाड असते. त्याची कातडी शेपटीकडून सुटी करून एका झटक्यात ओढून काढता येते. मासा फार ताजा असेल तर मांस चिवट राहते, एखादा दिवस थंडीत विसावल्यावर ते मुरते आणि चवही खुलते, असा आचाऱ्यांचा अनुभव आहे. शिजवण्याआधी मासा पुसून अगदी कोरडा करतात, मीठ-मिरपूड लावतात आणि ऐन वेळी मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटकतात. मैदा आधी लावून ठेवला तर माशाचे पाणी शोषून त्याचा चिखल होतो आणि मग तांबूस पापुद्रा धरत नाही. घोळवणे आणि तव्यावर टाकणे यांत अंतर ठेवायचे नाही, हा या पदार्थातला पहिला नियम.

दुसरा नियम लोण्याचा. लोण्यात सुमारे ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि थोडा दुधाचा घन अंश. कच्च्या लोण्यात मासा टाकला तर मासा शिजण्याआधी हा घन अंश करपतो आणि सगळ्याला कडवटपणा येतो. म्हणून मासा परततात तो पाणी आणि गाळ काढून टाकलेल्या स्वच्छ लोण्यात, म्हणजे जवळजवळ तुपातच. मासा ताटात काढला की ते लोणी टाकून देतात आणि तव्यात ताजे लोणी घालतात. ते आधी फेसाळते, कारण त्यातले पाणी उकळून जात असते. फेस बसला की तापमान शंभर अंशांच्या पुढे चढते आणि तळाशी असलेले दुधाचे कण रंग धरू लागतात. मराठी घरात लोणी कढवताना बेरी बदामी होऊन खमंग वास सुटतो, नेमका तोच हा क्षण. फरक असा की तिथे तूप गाळून बेरी बाजूला काढतात, इथे ती बेरीच हवी असते. अशा लोण्याला फ्रेंच आचारी हेझलनट या कवचफळाच्या नावाने ओळखतात, कारण वास त्याच्यासारखा येतो. आणखी काही सेकंद गेले तर लोणी काळवंडते. त्या आधी लिंबाचा रस पडला पाहिजे, तव्यातले सगळे सळसळत माशावर ओतले गेले पाहिजे आणि ताट लगेच मेजाकडे निघाले पाहिजे. उशीर झाला तर पापुद्रा मऊ पडतो. जेवणाऱ्याने वाट पाहिलेली चालते, माशाने पाहिलेली चालत नाही.

मसाला नाही, वाटण नाही, झाकायला दाट सॉस नाही. मासा शिळा असेल तर लपत नाही, लोणी हलके असेल तर लपत नाही, आचाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले तरी लपत नाही. या जेवणाचे मोठेपण इथे आहे, पदार्थाच्या दुर्मीळपणात नाही. रूआंमध्ये त्या बुधवारी दुपारी जेवायला आलेल्या कुणालाही तोच मासा मिळाला असता. युद्धातून नुकत्याच सावरू लागलेल्या एका प्रांतिक शहरातल्या स्वयंपाकघराने नेहमीचा पदार्थ नेहमीच्या काळजीने केला होता. ज्युलियांना विलक्षण वाटली ती ही नेहमीची काळजी. त्यांच्या देशात खाद्यपदार्थांची विपुलता होती, पण एका माशासाठी इतके लक्ष देणारे त्यांनी पाहिले नव्हते.

माशानंतर हलक्या आंबट रसातले हिरवे सॅलड आले, मग फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे विरजलेल्या दुधाचे पाणी निथळून केलेले मऊ, ताजे चीज, आणि शेवटी गाळणीतून कपात उतरणारी काळी कॉफी. बिल देऊन दोघे बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत पॅरिसला पोहोचले. आपल्या आयुष्यातले सर्वांत उत्कट जेवण म्हणून ज्युलियांनी पुढे अनेकदा याच जेवणाचा उल्लेख केला.

या प्रसंगात पॉल चाइल्ड यांचा वाटा सहसा कमी सांगितला जातो. उपाहारगृह त्यांनी निवडले, पदार्थ त्यांनी मागवले, वाढप्याशी ते बोलले आणि वासाचे नावही त्यांनीच सांगितले. चांगले जेवण समोर आले तरी त्यात काय पाहायचे हे दाखवणारे माणूस शेजारी असावे लागते. ज्युलियांना ते मिळाले होते.

रूआंच्या जेवणाच्या अगदी उलट टोकाचे एक जेवण फ्रान्समध्येच १९७५ मध्ये झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्न यांनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक दूरदर्शन वाहिनीच्या लिलावात ३०० डॉलरची बोली लावून, जगात कुठेही, किमतीची मर्यादा नसलेले, दोघांचे जेवण जिंकले. आचारी मित्र पिएर फ्राने यांना घेऊन ते पॅरिसच्या ‘शे दनी’ या उपाहारगृहात गेले. पानावर ३१ पदार्थ आले, नऊ वाइन आल्या आणि बिल ४,००० डॉलर झाले. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी हा वृत्तान्त पहिल्या पानावर छापला गेला तेव्हा वाचकांच्या संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला आणि व्हॅटिकनच्या दैनिकानेही टीका केली. क्लेबोर्न यांनी स्वतःच काही पदार्थांतल्या उणिवा नोंदवल्या होत्या. ते जेवण आज त्याच्या आकड्यामुळे आठवले जाते. त्यातला एखादा पदार्थ घरी करून पाहावा असे ते वाचून कुणाला वाटल्याचे फारसे दिसत नाही. रूआंच्या जेवणाने नेमके तेच घडवले.

अर्थात ते लगेच घडले नाही. पॅरिसमध्ये रु द ल्युनिव्हर्सिते या रस्त्यावरच्या ८१ क्रमांकाच्या घरात बिऱ्हाड थाटल्यावर ज्युलिया आधी भाषा शिकल्या, बाजार पालथे घातले, भाजीवाल्या बायकांशी ओळखी केल्या. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांनी ‘कॉर्दाँ ब्ल्य’ या पाकशाळेत नाव घातले. गृहिणींचा वर्ग त्यांना फारच सोपा वाटला, म्हणून त्या दुसऱ्या वर्गात गेल्या. तिथे सरकारी शिष्यवृत्तीवर व्यावसायिक आचारी व्हायला आलेले अकरा माजी अमेरिकी सैनिक होते. शिक्षक मॅक्स ब्युन्यार सत्तरीतले होते आणि लंडनमध्ये ख्यातनाम फ्रेंच आचारी एस्कोफिए यांच्या हाताखाली राबलेले होते.

ब्युन्यार यांचा एक धडा ज्युलियांनी जन्मभर सांगितला. अंड्याची भुर्जी कोण करणार, असे त्यांनी विचारले आणि ज्युलिया पुढे झाल्या. त्यांनी अंडी जोरात फेटली आणि कडक तापलेल्या तव्यात लोणी टाकले. अंडी ओतण्याआधीच शिक्षकांनी थांबवले आणि स्वतः करून दाखवले. दोन अंडी हलकीच मोडायची, मीठ-मिरपूड घालायची, तव्याला लोणी पुसायचे, आच अगदी मंद ठेवायची आणि काही वेळ काहीच करायचे नाही. तीन मिनिटांनी अंडी धरू लागली की काट्याने भराभर हलवायचे, तवा आचेवर आणत-काढत राहायचे. पुरेशी घट्ट झाली की चमचाभर साय घालायची, म्हणजे शिजणे तिथेच थांबते. ही फ्रेंच भुर्जी मुंबईच्या गाडीवरच्या भुर्जीच्या अगदी विरुद्ध स्वभावाची, सायीसारखी सैल असते. अंड्यासारख्या रोजच्या वस्तूलाही पद्धत असते आणि पद्धतीला कारण असते, हे त्या सकाळी त्यांच्या हातात आले. रूआंला जिभेने जे टिपले होते, त्याचा उलगडा आता तव्यावर होऊ लागला.

शाळेची अंतिम परीक्षा त्या पहिल्या खेपेस नापास झाल्या. अवघड सॉस आणि भरलेल्या पक्ष्यांचा सराव करून गेल्या आणि प्रश्न निघाले ते शाळेच्या छोट्या पुस्तिकेतल्या प्राथमिक पदार्थांवर. पुन्हा बसून १९५१ मध्ये प्रमाणपत्र मिळवले. त्याच सुमारास सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणी भेटल्या. अमेरिकी वाचकांसाठी फ्रेंच पाकक्रियेचे पुस्तक करायचे त्यांचे आधीच चालले होते. ज्युलिया त्यात आल्या आणि तिघींनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकी बायकांसाठी एक छोटी पाकशाळाही काढली.

पुस्तकाला जवळपास दहा वर्षे लागली. मधल्या काळात पॉलच्या बदल्या मार्सेय, बॉन, वॉशिंग्टन आणि ऑस्लो अशा होत राहिल्या. टंकलिखित कागदांच्या चळती आणि पातेली घेऊन ज्युलिया गावोगाव फिरल्या. फ्रेंच कृती अमेरिकी भाषेत उतरवणे एवढेच काम नव्हते. अमेरिकी मैदा वेगळा, साय वेगळी, मांसाचे तुकडे कापण्याची रीत वेगळी. प्रत्येक पदार्थ अमेरिकी सामानावर पुन्हा करून पाहायचा आणि बिघडला तर का बिघडला ते शोधायचे.

यात सगळ्यांत त्रास माशांनी दिला. फ्रान्समध्येच एका माशाला किनाऱ्यागणिक निराळे नाव. अमेरिकेत तर रूआंचा सोल सहज मिळत नाही. त्या जातीचा मासा अटलांटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होत नाही. तिथे सोल म्हणून विकले जातात ते बहुतेक फ्लाउंडर, त्यांचे मांस मऊ आणि पातळ. मार्सेयमध्ये असताना ज्युलियांनी माशांच्या नावांचा पद्धतशीर अभ्यास केला, सरकारी मत्स्यतज्ज्ञांना पत्रे लिहिली आणि कोणत्या फ्रेंच माशाऐवजी कोणता अमेरिकी मासा चालेल याची यादी बनवली. जो मासा स्वतःला इतका आवडला तोच वाचकाला देता येत नाही, ही अडचण त्यांनी टाळली नाही. त्याच काळात, १९५३ मध्ये, अमेरिकी दुकानांत पावाच्या चुऱ्यात घोळवलेल्या, गोठवलेल्या माशांच्या कांड्या आल्या आणि बघता बघता घरोघरी पोहोचल्या.

ज्या प्रकाशकाशी पहिला करार झाला होता त्याने १९५९ मध्ये हस्तलिखित परत पाठवले. गृहिणींना हे फार अवघड वाटेल, असे कारण होते. मग ‘क्नॉफ’ या प्रकाशनसंस्थेतल्या तरुण संपादक ज्युडिथ जोन्स यांनी ते वाचले, त्यातल्या कृती स्वतःच्या घरी करून पाहिल्या आणि वरिष्ठांना पटवले. ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ ऑक्टोबर १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. सातशेहून अधिक पाने, ५२४ कृती. पानाची मांडणीच वेगळी होती. एका बाजूला त्या पायरीला लागणारे सामान आणि त्याच्या समोरच ती पायरी, म्हणजे करणाऱ्याला वर-खाली शोधावे लागू नये. एक मूळ कृती नीट समजावून द्यायची आणि तिच्यावरून फुटणाऱ्या कृती त्यानंतर, अशी रचना. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची भरभरून स्तुती करणारे परीक्षण लिहिले ते क्रेग क्लेबोर्न यांनी, त्यांच्या ४,००० डॉलरच्या जेवणाच्या चौदा वर्षे आधी.

पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर बोलावले गेले तेव्हा ज्युलियांनी सोबत विजेची शेगडी नेली आणि प्रेक्षकांसमोर ऑम्लेट केले. त्यातून ‘द फ्रेंच शेफ’ ही मालिका उभी राहिली. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि ती दहा वर्षे चालली. १९६६ मध्ये त्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आल्या. त्यांच्या बॉस्टनजवळच्या केंब्रिज इथल्या घरातले अख्खे स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. फ्रान्सने २००० साली त्यांना ‘लेजियाँ दॉनर’ हा सन्मान दिला. १३ ऑगस्ट २००४ रोजी, बाण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

रूआंच्या जेवणाचा सर्वांत सविस्तर वृत्तान्त ‘माय लाइफ इन फ्रान्स’ या आत्मकथनात आहे. ते ज्युलियांच्या अखेरच्या वर्षांत, पॉलच्या भावाचे नातू ॲलेक्स प्रुदॉम यांच्या मदतीने सांगितले गेले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. घटना आणि लेखन यांत अर्धे शतक गेलेले होते. इतक्या अंतरावरून आठवण गुळगुळीत होते, कोपरे झिजतात, हे गृहीत धरायला हवे. पण हे पुस्तक केवळ आठवणीवर उभे नाही. पॉल आपल्या जुळ्या भावाला नियमितपणे लांबलचक पत्रे लिहीत, ज्युलियाही पत्रे लिहीत, आणि तो पत्रसंग्रह लेखनाच्या वेळी हाताशी होता. शिवाय या जेवणाची हकीकत त्यांनी १९७० च्या दशकातच छापून सांगितली होती. नोरा एफ्रॉन यांच्या ‘ज्युली अँड ज्युलिया’ या २००९ च्या चित्रपटात ती सुरुवातीलाच येते. मेरिल स्ट्रीप यांनी तो मासा खाताना ज्युलियांचे भान कसे हरपले ते दाखवले आहे. चित्रपटानंतर त्याच वर्षी मूळ पाकग्रंथ, प्रसिद्धीच्या ४८ वर्षांनंतर, पहिल्यांदाच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत सर्वांत वर गेला.

ला कुरॉन जागच्या जागी चालू आहे. चौक बदलला आहे. तिथे १९७९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या नावाचे नवे चर्च उभे राहिले आणि १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जुन्या चर्चमधल्या, आधीच काढून सुरक्षित ठेवलेल्या सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा त्यात बसवल्या गेल्या. ज्युलिया चाइल्ड यांच्या जेवणाच्या शोधात येणाऱ्या प्रवाशांना तिथे सोल म्यूनिएर मिळतो आणि तो मूळचाच मासा असतो. कालवांचे तसे नाही. पोर्तुगेझ जात फ्रान्सच्या किनाऱ्यावर १८६८ साली अपघाताने रुजली होती. वादळात अडकलेल्या एका जहाजाने खराब झालेला माल समजून जिरोंद खाडीत टाकून दिलेले कालवे जगले आणि पसरले. १९७० च्या सुमारास विषाणूजन्य रोगाची साथ आली आणि काही वर्षांतच ही जात तिथल्या शेतीतून नाहीशी झाली. तिच्या जागी जपानी वंशाचे कालवे आणून लावले गेले. फ्रान्समध्ये आज पिकणारे जवळजवळ सगळे कालवे त्याच जातीचे आहेत, आणि ला कुरॉनच्या ताटातही आता बहुधा तेच येतात.